चित्र येऊ दे, पण पत्ता आपला हवा

मी सुरतेहून आलो असे सांगितले की वर्गातील मित्र हटकून विचारतात, "मग काय, १६६४ ची भरपाई मागायला आलास?" पहिल्या वर्षी मी गोरामोरा होत असे. आता मीच सांगतो, "१६७० चीही धरा. महाराज दोनदा आले होते." सुरत म्हटले की मराठी माणसाला ही दोन साले आठवतात, पण आज त्या शहरात मराठी माणसांच्या वस्त्यांच्या वस्त्या आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या भागांत हिंडावे, तर जळगाव-धुळे-नंदुरबारची बोली सहज कानावर पडते. माझे वडीलही तिकडूनच, कापडाच्या धंद्यात काम शोधत सुरतेस आले. आईचे माहेर निपाणीकडचे. तिला मराठी आणि कन्नड सारखीच. माझी शाळा महानगरपालिकेची, मराठी माध्यमाची. बारावीनंतर आजोळच्या आधाराने मी इकडे वाणिज्य शाखेत दाखल झालो. त्यामुळे या वार्षिकाचे मराठी आणि कन्नड असे दोन्ही विभाग मला घरचेच वाटतात.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे पॉडकास्ट, आणि त्यात हल्ली शिरू लागलेले चालते चित्र. विषय यंत्राचा दिसतो, पण मला तो सुचला तो आमच्या गल्लीतील एका ओट्यावर.

दुपारी बारानंतर आमच्या गल्लीत पुरुष दिसत नाहीत. बायका ओट्यावर बसतात आणि मार्केटातून आलेल्या साड्यांवर टिकल्या व खडे लावतात. ठेकेदार सकाळी गठ्ठा टाकून जातो, संध्याकाळी मोजून नेतो. मजुरी नगावर. या कामात हात गुंतलेले असतात आणि डोळेही. चिकटवायचे द्रव्य वाळण्याच्या आत खडा जागी बसला पाहिजे. मान वर करायला उसंत नसते. मोकळे राहतात ते फक्त कान.

त्या कानांसाठी मी आणि माझ्या दोन शाळासोबत्यांनी एक कार्यक्रम सुरू केला. गल्लीतील जुन्या माणसांना बोलते करायचे. सुरतेत कसे आलात, पहिली खोली कुठे मिळाली, सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी पसरली तेव्हा पोरेबाळे घेऊन स्टेशन कसे गाठले, ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी घरात शिरले तेव्हा रात्र कुठे काढली, २०२० च्या टाळेबंदीत चूल कशी पेटली. साहित्य म्हणजे एक फोन, एक स्वस्तातला माइक आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला टांगलेली गादी. एकेक भाग सुमारे चाळीस मिनिटांचा. असे अकरा भाग झाले. आईने एका भागात निपाणीच्या आठवणी कन्नडमध्ये सांगितल्या, त्या गल्लीत कुणालाच कळल्या नाहीत, तरी सर्वांनी ऐकल्या.

ज्यांच्या ओट्यावर मंडळी जमत त्या मावशींचा फोन जुना. त्यात मी अँटेनापॉड नावाचे फुकट ॲप घालून दिले होते. रात्री मुलाच्या दुकानातील वायफायवर नवा भाग आपोआप उतरून येई. दुपारी मावशी तो फोन रिकाम्या पातेल्यात उभा ठेवीत, म्हणजे आवाज मोठा होतो, आणि आठ-दहा जणी खडे लावता लावता ऐकत. लाइट गेली तरी अडत नसे, नेट संपले तरी अडत नसे.

मग आम्हाला हौस सुटली. ज्या कंपनीच्या जागेवर आम्ही फुकट भाग ठेवत होतो, तिने चित्रफितीची सोय काढली आणि "चित्र जोडा, श्रोते वाढतील" असे कळवले. कंपनीचे नाव येथे घेत नाही. आमची अक्कलही त्या प्रकरणात फारशी चमकली नव्हती. बाराव्या आणि तेराव्या भागाला आम्ही रिंग रोडच्या मार्केटात कॅमेरा घेऊन गेलो. हमाल, पार्सले, गाठी, साड्यांच्या घड्या, सगळे टिपले. दोन्ही भाग चढवले आणि टाळ्यांची वाट पाहत बसलो.

दोन आठवड्यांनी मावशींनी मला दारातच गाठले. "तुना रेडिओ बंद पडी गया का रे भाऊ?"

बंद पडला नव्हता. त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. चित्रफितीचे दोन्ही भाग त्या कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्येच दिसत होते. बाहेरच्या ॲपांना जी यादी जाते तिच्यात त्यांची नोंदच नव्हती; चित्र नाही ते नाहीच, नुसता आवाजही नाही. तेथून निघून दुसरीकडे जावे म्हटले, तर आमच्या कार्यक्रमाचा पत्ता त्या कंपनीच्या नावाने होता आणि फुकटच्या योजनेत पत्ता बदलल्याची सूचना पुढे पाठवण्याची सोय नव्हती. पोस्टात अर्ज दिला की जुन्या पत्त्यावरचे टपाल काही काळ नव्या घरी येते, तेवढेही नाही. आमचे श्रोते एकसष्ट. त्यांतल्या ज्यांना आम्ही ओळखत होतो त्यांना घरोघर जाऊन नवा पत्ता घालून दिला. उरलेले कोण आणि कुठे होते, हे आम्हाला आजवर समजलेले नाही.

येथे ही यादी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण सगळे भांडण तिच्यावरूनच आहे. तिला फीड म्हणतात, आणि ती ज्या नमुन्यात लिहितात त्याला आरएसएस. ती साध्या मजकुराची एक फाइल असते. कार्यक्रमाचे नाव, मग एकेका भागाचे शीर्षक, तारीख, वर्णन, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ध्वनिफीत कुठे ठेवली आहे तो पत्ता, ती केवढी आहे आणि कोणत्या प्रकारची आहे. या शेवटच्या नोंदीला एन्क्लोजर असे नाव आहे; पत्रासोबत जोडलेला कागद असतो तसे. जगातील कोणतेही ॲप ही फाइल वाचू शकते आणि कुणाचीही परवानगी न घेता भाग उतरवू शकते.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे परके वाटू नये. आपण पराक्राम्य दस्तऐवजांचा १८८१ चा कायदा शिकतो. त्याच्या अगदी पहिल्याच कलमात देशी भाषांतील दस्तऐवजांच्या स्थानिक रूढींना हात न लावण्याचे आश्वासन आहे. हुंडी त्यामुळेच कायद्याच्या बाहेर राहूनही चालत राहिली. सुरत ही हुंडीची मोठी पेठ. अठराव्या शतकात तिथल्या अर्जुनजी नाथजी त्रावाडी यांच्या पेढीकडून खुद्द ईस्ट इंडिया कंपनी पैसा उभा करीत असे. हुंडीत काय असे? कुणी लिहिली, कुणावर लिहिली, रक्कम किती, दर्शनी की मुदती, पैसे कुणास द्यावयाचे. हा नमुना कुणा एका सराफाच्या मालकीचा नव्हता. सुरतेच्या सराफाने लिहिलेली हुंडी दूरच्या शहरातील सराफ वाचू शके, कारण दोघांना नमुना ठाऊक होता. समजा एखाद्या बड्या पेढीने म्हटले असते, की आमची हुंडी आमच्याच दुकानात वटेल, तर तिला हुंडी कोण म्हणाला असता? ती त्या दुकानाची पावती झाली असती. आजच्या काळातले उदाहरण हवे तर यूपीआय घ्या. २०१६ पासून आपण कोणत्याही ॲपमधून कोणत्याही बँकेच्या खात्यावर पैसे पाठवतो. चहावाल्याने कोणत्या कंपनीचा कोड लावला आहे हे विचारण्याची गरज पडत नाही.

पॉडकास्ट ही तशी हुंडी आहे, असे माझे मत. ती ध्वनीची असो वा चित्राची.

या हुंडीचा जन्मही मौजेचा आहे. डेव्ह वायनर या अमेरिकी प्रोग्रॅमरने डिसेंबर २००० मध्ये आरएसएसच्या नमुन्यात एन्क्लोजरची भर घातली. त्याच्यामागे लकडा लावणारा ॲडम करी हा मुळात टीव्हीवर गाणी लावणारा निवेदक. 'पॉडकास्टिंग' हा शब्द बेन हॅमर्सली या पत्रकाराने फेब्रुवारी २००४ मध्ये 'गार्डियन'मधील लेखात इतर दोन-तीन शब्दांबरोबर सहज सुचवला, आणि तोच चिकटला. वायनरने २००३ साली आरएसएसचा आराखडा स्वतःच्या कंपनीकडे न ठेवता हार्वर्ड विद्यापीठातील बर्कमन केंद्राच्या स्वाधीन केला. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले आणि त्याच वर्षी चित्रफितीचेही पॉडकास्ट आले. म्हणजे चित्र ही काल-परवाची गोष्ट नव्हे. एन्क्लोजरमध्ये प्रकाराच्या जागी ध्वनीऐवजी चित्र असे लिहिले की काम होत होते. अडचण नमुन्याची नव्हती, खर्चाची होती.

तो हिशेब मी वहीत मांडून पाहिला. बोलण्याचा आवाज सेकंदाला चौसष्ट किलोबिटने साठवला, तर चाळीस मिनिटांचा भाग होतो सुमारे १९ एमबीचा. तोच भाग बऱ्यापैकी चित्रासह, सेकंदाला दीड मेगाबिटने साठवला, तर ४५० एमबी. तेविसपटीहून अधिक. शंभर जणांनी उतरवला तर एकीकडे दोन जीबीच्या आत, दुसरीकडे ४५ जीबी. हा माल कुणाच्या तरी गोदामातून निघतो आणि त्याचे भाडे कुणाला तरी भरावे लागते. ऐकणाऱ्याच्या बाजूनेही पाहा. आमच्या गल्लीत दिवसाला दीड जीबीचे पॅक चालते आणि एका फोनवर तीन माणसे असतात. एका भागाने त्या दिवसाच्या पॅकचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाल्ला, तर मावशींच्या नातवाचा अभ्यास, निदान त्याचा क्रिकेटचा सामना, बुडालाच म्हणून समजा.

या खर्चावर एक चांगला तोडगा निघालेला आहे, आणि त्याला विरोध करण्याचे मला कारण दिसत नाही. ॲपलने २००९ साली काढलेली एचएलएस नावाची पद्धत आहे. तिचा आराखडा २०१७ मध्ये इंटरनेटच्या खुल्या दस्तऐवजांत आरएफसी ८२१६ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला आहे. यात चित्रफीत अखंड पाठवत नाहीत. तिचे काही सेकंदांचे तुकडे करतात. समजा सहा सेकंदांचा एक तुकडा धरला, तर आमच्या भागाचे चारशे तुकडे होतील. प्रत्येक तुकडा जाड-मध्यम-बारीक अशा निरनिराळ्या प्रतींत ठेवायचा आणि या सर्वांची एक यादी करायची. फोन ती यादी वाचतो, नेटचा जोर पाहतो आणि झेपेल ती प्रत मागवतो. पाच मिनिटांत कंटाळून उठलेल्या माणसाला पाच मिनिटांचेच तुकडे जातात. सबंध ४५० एमबीऐवजी ५६ एमबीत काम भागते. ज्याला गोदामाचे भाडे भरायचे आहे त्याला हे वरदानच आहे. आणि या यादीत सर्वांत खालची पायरी म्हणून चित्राविना नुसत्या आवाजाचीही प्रत ठेवता येते. पद्धत बनवणाऱ्यांना आमच्या ओट्याची कल्पना नसेल, पण पायरी मात्र त्यांनी ठेवली आहे.

मग ही यादी फीडमध्ये घालायची कशी? त्याचीही वाट तयार आहे. ॲडम करी आणि डेव्ह जोन्स यांनी २०२० मध्ये पॉडकास्ट इंडेक्स नावाची खुली सूची सुरू केली आणि आरएसएसला काही नव्या नोंदी जोडण्याचा उद्योग आरंभला. त्यांतली एक 'ऑल्टरनेट एन्क्लोजर', म्हणजे पर्यायी जोडपत्र. मूळ एन्क्लोजरमध्ये पूर्वीप्रमाणे ध्वनिफीत राहते. शेजारी पर्याय म्हणून चित्राची फीत किंवा एचएलएसच्या यादीचा पत्ता देता येतो. ज्या ॲपला पर्याय कळतो ते चित्र दाखवील. ज्याला कळत नाही ते त्या ओळीकडे दुर्लक्ष करील आणि आवाज वाजवील. कुणाचेच नुकसान नाही. आमच्या बाराव्या भागाला हे मिळाले असते, तर मार्केटची गर्दी पाहणाऱ्यांनी पाहिली असती आणि मावशींनी हमालांच्या आरोळ्या ऐकल्या असत्या.

यात मूळ एन्क्लोजर राहिले पाहिजे यावर माझा जोर का, तेही सांगतो. तुकड्यांची यादी ही वाहत्या नळासारखी आहे. दर वेळी तोटी सोडावी लागते आणि मागे टाकीत पाणी असावे लागते. एन्क्लोजरची फीत म्हणजे भरून ठेवलेली कळशी. ती एकदा फोनात उतरली की कंपनी असो, नसो, नेट असो, नसो, ती आपली. शिवाय तोटी सोडली की कुणी किती मिनिटे ऐकले, कुठे सोडून दिले, हे पलीकडच्याला कळत जाते. जाहिरातदारांना यात रस आहे आणि व्यापाराच्या दृष्टीने त्यात मी काही पाप मानत नाही. पण ओट्यावरच्या बायकांची मिनिटे मोजली जावीत, यात बायकांचा काय फायदा, एवढे कुणी मला समजावून सांगावे.

आता जे चालले आहे ते पाहू. मराठीत 'पॉडकास्ट' म्हटले की आमच्या वर्गाच्या डोळ्यांपुढे दोन खुर्च्या, दोन मोठे माइक आणि यूट्यूब उभे राहते. 'थिंक बँक', 'मित्रम्हणे', 'अमुक तमुक' हे कार्यक्रम मी आवडीने पाहतो. माझी आणि माझ्या मित्रांची त्यांच्याशी ओळख यूट्यूबवरच झाली. कन्नड विभागातील एका मित्राने 'तले-हरटे' हा कन्नड पॉडकास्ट प्रथम कानांनी ऐकला असे सांगितले, तेव्हा बाकीचे त्याच्याकडे जुन्या काळचा माणूस म्हणून पाहू लागले! यूट्यूबही प्रत्येक वाहिनीची एक आरएसएस फाइल देते, पण तिच्यात एन्क्लोजर नसते. म्हणजे पत्रिका मिळते, जेवायला मात्र त्यांच्याच मांडवात जावे लागते. उलट तुमचे फीड तुम्ही यूट्यूबला दिलेत, तर ते ध्वनिफितीची स्वतःची प्रत करून ठेवून घेते. स्पॉटिफायवर चढवलेली चित्रफीत स्पॉटिफायमध्येच पाहावी लागते. हे गुपित नाही आणि बेकायदाही नाही. दुकान त्यांचे, भाडे ते भरतात. माझा आक्षेप इतकाच, की अशा मालाला पॉडकास्ट हे नाव लावावयाचे आणि हुंडी मात्र एकाच पेढीवर वटणारी, हे नावाला सोडून आहे.

आमच्याच एका प्राध्यापकांनी यावर मला टोकले. ते म्हणाले, "अरे, लोकांना चेहरे पाहायचे असतात. यूट्यूब फुकट आहे, तिथे नवे श्रोते सापडतात. तुझ्या फीडमध्ये तुला एकसष्ट श्रोते मिळाले. तिथे सहाशे मिळाले असते." सरांचे म्हणणे खोटे नाही. फीडमध्ये शोधाशोधीची सोय फार दुबळी आहे. कुणी पत्ता दिल्यावाचून नवा माणूस येत नाही. चित्रालाही स्वतःचे मोल आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना चित्राखालचा मजकूर हाच आधार, आणि खडा कसा लावतात हे चाळीस मिनिटे तोंडाने सांगण्यापेक्षा दोन मिनिटे दाखवणे बरे. तेव्हा सहाशेंसाठी यूट्यूबवर जरूर ठेवावे. पण ती शाखा असावी, मुख्य पेढी नव्हे. मुख्य पेढीचा पत्ता आपल्या नावाचा असावा.

कारण दुकाने बंद होतात. बंद होणे हा व्यापाराचा धर्मच आहे. स्टिचर हे पॉडकास्टचे जुने नावाजलेले ॲप ऑगस्ट २०२३ मध्ये बंद झाले. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये. गूगलसारख्या कंपनीने दुकान गुंडाळले म्हणजे केवढा हाहाकार व्हावा! पण तसे झाले नाही. ऐकणाऱ्यांना आपल्या कार्यक्रमांची यादी एका फाइलीत उतरवून दुसऱ्या ॲपमध्ये नेता आली आणि दुसऱ्या दिवशी नवे भाग तिथे येऊ लागले. माल गूगलचा नव्हता, गूगल फक्त वाचणारा होता. हेच एखादे चित्रफितींचे बंदिस्त दुकान उद्या उठले, तर त्यातील मराठी-कन्नड कार्यक्रम कोणत्या फाइलीत घालून नेणार?

फीडचे मी एवढे गोडवे गातो आहे, तर त्याचा एक दोषही सांगितला पाहिजे. आरएसएसमध्ये भाषेच्या नोंदीला एकच घर आहे. मराठी लिहा किंवा कन्नड लिहा. आमच्या कार्यक्रमात दोन्ही होत्या. आम्ही मराठी लिहिले आणि आईचा कन्नड भाग त्याच नावाखाली गेला. दोन भाषा एका पुठ्ठ्यात बांधायला आपल्या वार्षिकाला जमते, ते पंचवीस वर्षांत आरएसएसला जमलेले नाही. नमुना खुला असला म्हणजे तो निर्दोष असतो असे नव्हे. मात्र त्यावर उघड वाद घालता येतो.

गेल्या दिवाळीत आजोळी मावशीकडे गेलो होतो. तिच्या घरी अजून विड्या वळतात. सूप मांडीवर, पानाचा तुकडा, तंबाखूची चिमूट, दोरा. हात थांबत नाहीत आणि डोळे सुपावर. मला आमचा सुरतेचा ओटाच आठवला. नंतर वाचनात आले, की क्यूबातील हवाना शहरी १८६५ साली सिगार वळणाऱ्या कामगारांनी कारखान्यात एक वाचक बसवला. तो उंच जागी बसून वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाची. त्याचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. काय वाचायचे तेही त्यांच्याच पसंतीने ठरे. दुसऱ्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी घातली. पण ती प्रथा मेली नाही, पुढे कारखान्यांत रेडिओ आले तरीही वाचक राहिले. तंबाखूची पाने तीच, गुंतलेले हात तेच, मोकळे कानही तेच. मावशीला हे सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "वाचणाऱ्याला किती द्यायचे रे?"

प्रश्न बिनतोड आहे. फुकटच्या जागेचा मोबदला आम्ही पत्ता देऊन चुकवला होता. आता आम्ही स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला आहे. त्याला वर्षाला हजाराच्या आत पडते. ध्वनिफिती एका लहान सेवेकडे ठेवल्या आहेत. उद्या ती सेवा सोडली तरी फीडचा पत्ता तोच राहील, मागचे गोदाम फक्त बदलेल. पहिले अकरा भाग नव्या जागी गेले. बाराव्या-तेराव्याचा नुसता आवाज वेगळा काढून तोही चढवला. चित्र पर्यायी जोडपत्र म्हणून घालायचे आहे, पण ४५० एमबीचे भाडे आम्हा तिघांच्या खिशाला सध्या परवडत नाही. म्हणून चित्र यूट्यूबवर ठेवले आहे आणि वर्णनात त्याचा दुवा दिला आहे. ही तडजोड आहे, हे मान्य. ध्वनीचे गोदाम-भाडे वर्षासाठी तिघांत वाटून घेतले. मावशींना हे कुठून कळले कोण जाणे. ओट्यावरच्या बायकांनी मिळून दोनशे रुपये जमवले आणि माझ्या आईच्या हाती दिले. सोबत निरोप होता, की बाराव्या भागात मार्केटातला गोंगाट फार आहे, माणसाचे बोलणे नीट ऐकू येत नाही, तेवढे पुन्हा करून द्यावे.

ते काम या मे महिन्यात सुरतेस गेल्यावर करायचे आहे.

— बी. कॉम. भाग २ चा एक विद्यार्थी